बाबासाहेब आंबेडकर आणि नागरिकत्वाची परीक्षा

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की निफाड तालुक्यातलं विंचूर लागतं आणि विंचूरच्या पुढे येवला. सरदार विंचूरकरांचं हे गाव आज कांद्याच्या उपबाजारासाठी ओळखलं जातं. पण १३ ऑक्टोबरला या रस्त्यावरची वर्दळ वेगळी असते. निळे झेंडे लावलेल्या गाड्या येवल्याच्या मुक्तिभूमीकडे जात असतात. १९३५ साली याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्याच्या परिषदेत धर्मांतराची घोषणा केली होती. त्या घोषणेबद्दल आपल्या समाजात बरंच बोललं गेलंय, लिहिलं गेलंय. आज आम्हाला बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या दुसऱ्या एका धाग्याबद्दल सांगायचंय. देशाचा नागरिक कुणाला म्हणायचं आणि ते ठरवायला माणसाची परीक्षा घ्यायची का, हा तो धागा.

हा विषय आता आपल्या घराघरांत पोहोचलाय. कुणाचा मुलगा ब्रिटनमध्ये आहे, तो नागरिकत्वाच्या चाचणीचा अभ्यास करतोय. तिथं ४५ मिनिटांत २४ प्रश्न सोडवायचे असतात, त्यातले १८ बरोबर यावे लागतात. कुणाची लेक जर्मनीत आहे. तिथल्या चाचणीत ३३ प्रश्न असतात आणि १७ बरोबर आले की पास. कॅनडात २० पैकी १५ लागतात. अमेरिकेत अधिकारी समोर बसवून तोंडी विचारतो. राज्यकारभार कसा चालतो, इतिहासात काय घडलं, कायदा काय सांगतो, असे हे प्रश्न. आणि इकडे गावात त्याच घरातले आजी-आजोबा जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा एका पिशवीत जपून ठेवतात. आपल्यालाही कधीतरी कुणी विचारेल, अशी धास्ती मनात असते.

बाहेरून आलेल्याची परीक्षा घ्यावी की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे पुष्कळ आहेत. आम्हाला वाटतं, या वादात बाबासाहेबांचं आयुष्य नीट बघितलं तर बरंच काही सापडतं. कारण परीक्षा पास होण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळात क्वचितच कुणी होता. तरीही माणसाच्या हक्काला परीक्षेची अट लावणं त्यांना मान्य नव्हतं.

संस्कृत नाकारलं, फारसी घेतली

१४ एप्रिल १८९१ रोजी महू छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत भीमराव इतर मुलांपासून वेगळे बसायचे. बसायला घरून गोणपाट आणायचं आणि शाळा सुटली की परत घेऊन जायचं. तहान लागली तर नळाला हात लावायची परवानगी नाही. शिपायानं वरून पाणी ओतलं तर प्यायचं, शिपाई नसला तर तहानेनंच बसायचं.

पुढे कुटुंब मुंबईला आलं आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गेले. तिथं त्यांना संस्कृत शिकायचं होतं, पण ते मिळालं नाही. म्हणून त्यांनी फारसी घेतली. आपल्या वाचकांना ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. जी भाषा आपल्या पणजोबांच्या काळात मदरशांत आणि कचेऱ्यांत चालायची, तीच भाषा घेऊन हा मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला. बी.ए.लाही त्यांचे विषय इंग्रजी आणि फारसी होते. ज्ञानाचं एक दार बंद झालं, तेव्हा दुसऱ्या दारातून ते आत गेले. पण दार बंद केलं गेलं होतं हे ते कधी विसरले नाहीत. पुढे आयुष्यभर कुणी शिक्षणाची अट पुढे केली की त्यांचा पहिला सवाल हाच असायचा, की ज्याला शिकूच दिलं नाही त्याला अडाणी म्हणून बाहेर ठेवायचं, हा कुठला न्याय?

न्यूयॉर्कचे दिवस आणि परीक्षेचा दुसरा चेहरा

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एम.ए. झाले. १९१६ मध्ये लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली परतावं लागलं. १९२० साली शाहू महाराजांच्या मदतीनं पुन्हा लंडन. मग एम.एस्सी., बॅरिस्टर, डी.एस्सी. आणि १९२७ साली कोलंबियाची पीएच.डी. पदव्यांची ही यादी शाळकरी पोरांनाही पाठ असते.

पण ते न्यूयॉर्कमध्ये होते तेव्हा अमेरिकेत काय चाललं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. जहाजांनी येणाऱ्या गरीब परदेशी लोकांना वाचता येतं का, याची परीक्षा घ्यावी, असा कायदा अमेरिकी संसदेनं त्याच काळात केला होता. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी जानेवारी १९१५ मध्ये तो रोखला. तरी १९१७ साली, बाबासाहेब तिथून गेल्यानंतर, तो मंजूर झालाच. सोळा वर्षांवरच्या माणसाला कुठल्यातरी भाषेतले तीस-चाळीस शब्द वाचून दाखवावे लागू लागले. त्याच कायद्यानं आशियाचा मोठा पट्टा आखून तिथल्या लोकांना प्रवेशच बंद केला. त्यात आपला देशही होता. म्हणजे युरोपातल्या गरिबाला निदान परीक्षा तरी होती. आपल्या माणसाला परीक्षेलाही बसू दिलं नाही.

ही युक्ती अमेरिकेचीच होती असं नाही. दक्षिण आफ्रिकेत नाताळच्या गोऱ्या सरकारनं १८९७ साली असाच कायदा केला होता. तिथं अर्ज युरोपीय भाषेत लिहिता आला पाहिजे, अशी अट होती. कायद्यात हिंदी माणसाचं नाव कुठंच नव्हतं, पण रोख त्याच्यावरच होता. दादा अब्दुल्लांसारख्या मुस्लिम व्यापाऱ्यांची जहाजं तेव्हा मुंबईहून डर्बनला जात, आणि गांधीजींना तिथं नेलं होतं तेही याच पेढीच्या खटल्यासाठी. ऑस्ट्रेलियानं १९०१ साली हाच नमुना उचलला. अधिकारी युरोपातल्या कुठल्याही भाषेत पन्नास शब्द सांगणार, समोरच्यानं ते लिहायचे. भाषा अधिकारी निवडणार. १९३४ साली अनेक भाषा जाणणाऱ्या एगॉन किश नावाच्या युरोपीय लेखकाला त्यांनी स्कॉटलंडमधली गेलिक भाषा घातली, म्हणजे तो नापास होईलच. ही परीक्षा १९५८ पर्यंत चालू होती.

एवढं सगळं सांगायचं कारण असं, की परीक्षा म्हटलं की आपल्याला वाटतं ती सगळ्यांना सारखी असते. पण शिकवून पास करण्यासाठी घेतलेली परीक्षा वेगळी आणि गाळून टाकण्यासाठी घेतलेली वेगळी. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात.

आपल्याच देशात व्हिसाची वाट

परदेशातून शिकून आल्यावर १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला जागा कुणी देईना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. थोड्याच दिवसांत हे कळलं आणि लाठ्या घेतलेली माणसं दारात आली. कोलंबियाचा एम.ए. झालेला हा तरुण सामान घेऊन रस्त्यावर आला. कुठली परीक्षा त्यांनी द्यायची ठेवली होती? तरीही त्यांना प्रवेश नव्हता.

असे अनुभव त्यांनी पुढे एका छोट्या आत्मकथनात लिहून ठेवले. त्याचं नाव मोठं बोलकं आहे, व्हिसाच्या प्रतीक्षेत. व्हिसा परक्या देशात जायला लागतो. ज्याला आपल्याच देशात, आपल्याच गावात पाऊल टाकायला परवानगी लागते, त्याची अवस्था या नावात आली आहे.

त्याच आत्मकथनातला एक प्रसंग आपल्यासाठी आरसा आहे. तो टाळून पुढे जाणं आम्हाला बरोबर वाटत नाही. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसोबत नाशिकहून वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. रमजानचा महिना होता. धुळीनं माखलेल्या मंडळींनी दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, की यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ सुरू झाली. ज्या दीनमध्ये वुजूच्या पाण्यापुढे राजा आणि रंक सारखे, त्याच दीनच्या माणसांनी तहानलेल्या प्रवाशांना असं वागवलं. हाच तुमचा मजहब शिकवतो का, असं बाबासाहेबांनी त्यांना चिडून विचारलं. शेवटी पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, हत्यारबंद शिपायाच्या पहाऱ्यात, त्यांना किल्ला बघू दिला.

दुसरी बाजूही आहे. महाडला डिसेंबर १९२७ च्या परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा एका मुस्लिम गृहस्थानंच आपली जमीन दिली होती. आपल्या समाजाचे हे दोन्ही चेहरे बाबासाहेबांनी पाहिले. आज आपल्याकडे कुणी परका म्हणून बोट दाखवलं की आपल्याला बोचतं. ते बोचायलाच हवं. पण दौलताबादच्या हौदावर आपण कुठल्या बाजूला उभे होतो, हेही आठवायला हवं.

मत द्यायला शिक्षण लागतं का?

इंग्रजांच्या राज्यात मताचा हक्क थोड्याच लोकांना होता. शेतसारा भरणारा, घरपट्टी भरणारा, शिकलेला, अशांनाच मत मिळायचं. गावकुसाबाहेरचा माणूस, भूमिहीन मजूर, मागावर बसणारा विणकर, घरात राबणारी बाई, यांतल्या बहुतेकांची नावं यादीत नसायची. साक्षर नसलेल्याला राजकारण काय कळणार, हा युक्तिवाद इंग्रज अधिकाऱ्यांचाही होता आणि आपल्याकडच्या बऱ्याच शिकल्या-सवरल्यांचाही.

बाबासाहेबांनी याच्या विरोधात बाजू लावून धरली. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांसाठी मताची अट खाली आणण्याची मागणी केली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे साक्ष देताना एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत हवं, असं सांगितलं. मुंबई इलाख्याच्या समितीत असताना १९२९ साली त्यांनी स्वतंत्र अहवाल दिला, त्यातही हीच भूमिका होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. अक्षरओळख नसणं म्हणजे अक्कल नसणं नव्हे. शेतकऱ्याला, मजुराला आपलं हित कशात आहे ते कळतं. आणि तो निरक्षर राहिला असेल, तर दोष त्याला शाळेबाहेर ठेवणाऱ्यांचा आहे. ज्यांनी शाळा बंद ठेवली, त्यांनीच शिक्षण नाही म्हणून हक्क नाकारायचा, हे चालणार नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या लोकांना मतापासून दूर ठेवायला वाचन-लेखनाची परीक्षा वापरली जायची. तिथला कायदा १९६५ साली बदलला. आपल्याकडे २६ जानेवारी १९५० पासूनच अशी कुठलीही अट राहिली नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते आणि त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि त्या पेटीवर चिन्ह, अशी सोय केली गेली. यंत्रणेनं माणसाची परीक्षा घेतली नाही, माणसासाठी यंत्रणा बदलली. त्याच निवडणुकीत मुंबईत खुद्द बाबासाहेब हरले, ही इतिहासाची गंमत म्हणा.

फाळणीत गेलेली जागा

आता नागरिकत्वाकडे येऊ. १९४६ साली बाबासाहेब घटना समितीवर गेले ते मुंबईतून नव्हे, तर बंगालमधून. मुंबईत काँग्रेसचं बळ मोठं होतं आणि त्यांना निवडून यायला वाट नव्हती. बंगालमध्ये जोगेंद्रनाथ मंडल यांनी त्यांच्यासाठी जोर लावला. वर्षभरातच फाळणी झाली आणि ही जागा गेली. मग जयकरांनी सोडलेल्या जागेवर जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. म्हणजे एका रेषेमुळे माणसाचा पत्ता कसा बदलतो, हे घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांनी स्वतः अनुभवलं होतं. या मसुदा समितीत आसामचे सर सय्यद मुहम्मद सादुल्लाही होते.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९४० साली पाकिस्तानच्या मागणीवर लिहिलेल्या पुस्तकात बाबासाहेबांनी ग्रीस आणि तुर्कस्तानचा दाखला देऊन लोकसंख्येच्या अदलाबदलीची बाजू मांडली होती. मुस्लिम समाजाबद्दलही त्यात कडक शब्द आहेत. ते वाचताना आजही आपल्याला जड जातं. पण माणसाचं मोठेपण एका पुस्तकावरून मोजायचं नसतं. नऊ वर्षांनी कायदा लिहायची वेळ आली, तेव्हा त्यांनी काय लिहिलं ते बघा.

१० ते १२ ऑगस्ट १९४९ या तीन दिवसांत घटना समितीत नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली. या कलमांनी मसुदा समितीचं डोकं उठवलं, असं बाबासाहेबांनी सभागृहात कबूल केलं. कितीतरी मसुदे झाले आणि बाद झाले. शेवटी जे आलं ते असं. भारतात कायम वास्तव्य असलेला आणि इथं जन्मलेला, किंवा आई-वडिलांपैकी एकजण इथं जन्मलेला, किंवा पाच वर्षं इथं राहिलेला माणूस नागरिक. पाकिस्तानातून १९ जुलै १९४८ च्या आधी आलेला निर्वासित नागरिक. त्यानंतर आला असेल तर त्यानं सहा महिने राहून नोंदणी करायची. आणि जो १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात गेला, पण कायमचं परतायचा परवाना घेऊन आला, त्यालाही नोंदणीची वाट खुली.

ही शेवटची तरतूद आपल्यासाठी महत्त्वाची होती. दंगलीच्या भीतीनं दिल्ली, पंजाब, संयुक्त प्रांतातून गेलेली आणि घराच्या ओढीनं परतलेली माणसं होती, त्यात मुसलमान पुष्कळ. सभागृहात या तरतुदीवर कडाडून टीका झाली. एकदा गेला तो गेला, असं म्हणणारे सदस्य होते. परत आलेल्यांची घरं-जमिनी निर्वासितांना दिल्या, त्यांचं काय करायचं, हा प्रश्नही होता आणि तो खोटा नव्हता. सरकारच्या बाजूनं गोपालस्वामी अय्यंगार आणि पंडित नेहरू बोलले. सरकारनंच परवाना देऊन माणसाला बोलावलं, मग त्याला नागरिक मानायला नकार कसा द्यायचा, असा तो मुद्दा होता. बाबासाहेबांनी मांडलेल्या मसुद्यात ती तरतूद टिकली.

याच चर्चेत महाराष्ट्राचे दोन मोठे माणूस समोरासमोर होते. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांना वाटत होतं, की मसुद्यात नागरिकत्व फार स्वस्त झालंय. जगात कुठंही असलेल्या, दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू आणि शीख माणसाला भारताचं नागरिकत्व मिळावं, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. पंजाबरावांचं शिक्षणातलं आणि शेतीतलं काम विदर्भातला मुसलमानही मानतो. पण त्यांची ही दुरुस्ती सभागृहानं फेटाळली. कलमांत धर्माचं नाव आलं नाही. भाषेची, शिक्षणाची किंवा मालमत्तेची परीक्षाही आली नाही.

लाखो माणसं उघड्यावर होती, देश रक्तबंबाळ होता. अशा वेळी चाचण्या घेऊन माणसं निवडायचा मोह कुणालाही झाला असता. तो झाला नाही, ही साधी गोष्ट नाही.

१९५५ चा कायदा आणि आपली मराठी

घटनेतली ही कलमं फक्त घटना लागू होतानाच्या दिवसापुरती आहेत, पुढचा कायदा संसदेनं करावा, असं बाबासाहेबांनी तेव्हाच स्पष्ट केलं होतं. त्याप्रमाणे १९५५ साली नागरिकत्वाचा कायदा झाला. परदेशी माणसाला भारताचं नागरिकत्व हवं असेल तर त्यात अटी आहेत. ठराविक वर्षं इथं राहिलेला हवा, चारित्र्य चांगलं हवं आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञान हवं. तेव्हा त्या यादीत १४ भाषा होत्या, आज २२ आहेत.

ही भाषेची अट आम्हाला बोलकी वाटते. एकच राष्ट्रभाषा यायला हवी असं कायदा म्हणत नाही. मराठी येत असेल तरी चालतं, उर्दू येत असेल तरी चालतं, तमिळ किंवा आसामी येत असेल तरी चालतं. माणूस ज्या गावात राहतो तिथल्या लोकांशी त्याला बोलता यावं, एवढीच अपेक्षा. कागदावर प्रश्न नाहीत, गुण नाहीत. विद्या, कला किंवा मानवसेवेत मोठं काम केलेल्याला तर यातली कुठलीही अट शिथिल करायची सोय आहे. ही परीक्षा म्हटली तर परीक्षा आहे, पण शेजाऱ्यानं घ्यावी तशी.

२०१९ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी वाट सोपी केली गेली. वास्तव्याची अट त्यांच्यासाठी अकरा वर्षांवरून पाच वर्षांवर आली. मुस्लिमांचं नाव त्यात नाही. छळ झालेल्या अल्पसंख्याकांना आसरा देण्यासाठी हे केलंय आणि यानं कुणाचंही नागरिकत्व जात नाही, असं सरकार सांगतं. छळ झालेल्याला आसरा मिळावा, याला आमचाही विरोध नाही. पण १९४९ साली सभागृहानं जी धर्माची कसोटी दारातूनच परत पाठवली, ती कायद्यात आली, हे आम्हाला खटकतं. याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका आहेत.

त्याच वर्षी आसामच्या नागरिक नोंदणीच्या अंतिम यादीतून १९ लाखांहून जास्त माणसं बाहेर राहिली. त्यात हिंदूही होते, मुसलमानही होते. तिथं कुणी प्रश्नपत्रिका दिली नव्हती. पण जुने कागद शोधायचे, नावातली स्पेलिंग जुळवायची, दरवर्षी पुरात घर वाहून जाणाऱ्यानं पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा आणायचा, ही परीक्षाच नव्हे तर काय? शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईकडे शाळेचा दाखला मागणं, हाच तो अन्याय ज्याच्याविरुद्ध बाबासाहेब १९१९ पासून बोलत होते.

मग परीक्षा हवी की नको?

आमचं मत सरळ सांगतो. जो देश नव्यानं आलेल्याला भाषा शिकवतो, वर्ग चालवतो, पुस्तक हातात देतो, नापास झाला तर पुन्हा बसू देतो आणि सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका देतो, त्या देशानं चाचणी घेतली तर त्यात वावगं काही नाही. उलट आपल्या मुलांनी ती मन लावून द्यावी. ज्या देशात राहायचं त्याचा कायदा आणि त्याची बोली माहीत असणं हे चांगल्या शेजाऱ्याचं काम आहे. पण म्हातारी आई, निरक्षर मजूर, आजारी माणूस यांना त्यातून वाट हवी. आणि परीक्षा जर रंग, धर्म किंवा गरिबी बघून गाळण्यासाठी असेल, तर ती नाताळची असो, ऑस्ट्रेलियाची असो की आपल्याकडची, तिला परीक्षा म्हणू नये.

आपल्या नाशिक जिल्ह्याचंच बघा ना. मालेगावचे मोमीन विणकर १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि दुष्काळात उत्तरेकडून आले. पोटावर बांधलेली गरिबी आणि हातातलं कसब, एवढंच सोबत होतं. त्यांची कुणी परीक्षा घेतली असती तर किती पास झाले असते? पण त्यांच्या मागांवर एक अख्खं शहर उभं राहिलं. आज विंचूर-लासलगावच्या कांद्याच्या खळ्यांवर बाहेरून मजूर येतात, त्यांच्याकडेही आपण याच नजरेनं बघायला हवं.

बाबासाहेबांनी हक्काला परीक्षेची अट मानली नाही, म्हणून शिक्षण बिनमहत्त्वाचं ठरवलं असं नाही. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, १९५० साली औरंगाबादला मिलिंद. आधी हक्क, मग लगेच शाळा, असा त्यांचा क्रम होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला येवल्याचा शब्द पुरा झाला आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला ते गेले.

आपल्या समाजानं यातून काय घ्यायचं? घरातले दाखले नीट करून ठेवावेत, नावांतल्या चुका वेळेत दुरुस्त कराव्यात, शेजारच्या न शिकलेल्या कुटुंबाचे कागदही आपल्या शिकलेल्या पोरांनी बघून द्यावेत, मग ते कुठल्या का जातीधर्माचं असेना. मुलींची तालीम दहावीवर थांबवू नये. घरात उर्दू असो, दखनी असो की कोकणी, मराठी लिहिता-वाचता यायलाच हवी. आणि मोहल्ल्यात नवा माणूस आला तर तो कुठल्या बिरादरीचा, हे विचारायच्या आधी त्याला पाणी विचारावं.